बासुंदीची वार्ता : उगम, प्रसार आणि खंडन

अपप्रचाराचा मुकाबला कसा करावा, यावर जगभर कपाटे भरतील एवढे लिहून झाले आहे. पण त्याच विषयावरच्या परिषदांमध्ये दुपारच्या जेवणाविषयी जे पसरते, त्याकडे विद्वानांनी डोळेझाक केली आहे. प्रस्तुत अल्पप्रबंध ही उणीव भरून काढण्यासाठी सादर होत आहे. विषय क्षुल्लक आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. क्षुल्लक विषयाने सहसा कोणाच्या भावना दुखावत नाहीत. दुखावल्याच तर केटररच्या, आणि त्याचे बिल तसेही तीन महिने निघत नाही.

प्रथम अभ्यासक्षेत्र. तथ्यपडताळणी करणाऱ्यांची जागतिक परिषद २०१४ साली लंडनमध्ये पहिल्यांदा भरली. पुढे ती ब्युनोस आयर्स, माद्रिद, रोम, केप टाऊन, ओस्लो, सोल, साराएव्हो अशी फिरत २०२५ मध्ये रिओला पोचली. २०२० आणि २०२१ साली ती साथीमुळे पडद्यावर झाली, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या घरी जेवून घेतले. ती दोन वर्षे आमच्या शास्त्राच्या दृष्टीने वाया गेली. एवढ्या शहरांचे विमानभाडे या संशोधनाला कोणी मंजूर न केल्यामुळे आम्ही महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी भरलेली एकदिवसीय परिषद नमुन्यादाखल घेतली आहे. उपस्थितांमध्ये पत्रकार, प्राध्यापक, सायबर शाखेचे पोलीस, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते, मुंबईहून आलेल्या दोन तथ्यपडताळणीकार मुली, आणि खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून आणून बसवलेले द्वितीय वर्षाचे दोन वर्ग.

अशा परिषदेत दीपप्रज्वलनाइतक्याच तीन स्लाइडी अटळ असतात. त्यांना आम्ही मंगलाचरण म्हणतो. पहिली गणपती दूध प्यायल्याची, दिनांक २१ सप्टेंबर १९९५. दुसरी, नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दोन हजारांच्या नोटेची, जिच्यात म्हणे चिप होती आणि जी जमिनीत पुरली तरी उपग्रहाला आपला पत्ता कळवत होती. तिसरी, ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याची. तिन्हींना सभागृह मनमुराद हसते. पन्नाशीच्या पुढचे लोक पहिल्या स्लाइडीला जरा बेताने हसतात, कारण त्या दिवशी चमचा त्यांच्याही हातात होता. वक्ते मग पृष्ठताण समजावून सांगतात, शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळल्यावर मूर्तीवरून खाली जाणारा ओघळ कसा स्पष्ट दिसला ते सांगतात, आणि सभागृह माना डोलावते. त्या माना डोलावण्यात एक ठाम समजूत असते, की अफवा ही नेहमी दुसऱ्या लोकांना होते.

आता उगम. पावणेअकराच्या सुमारास एक स्वयंसेवक, गळ्यात पिवळा बिल्ला, झाकण घातलेले मोठे पातेले दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून जिना चढत होता. नोंदणीच्या टेबलापाशी पिशवी आणि पेन घेण्यासाठी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “काय रे, काय आहे?” तो म्हणाला, “दूध आहे सर, चहाचं.” पातेल्याचे वजन, जिन्याचा चढ आणि वरून आलेला टाळ्यांचा कडकडाट यांमुळे शेवटचा शब्द जिन्यातच राहिला. गृहस्थ वर आले आणि शेजारच्याला म्हणाले, “दूध चाललंय वर. बरंच आहे.” एवढेच. यात एक अक्षरही खोटे नाही, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवेवर ग्रंथ लिहिला. त्यांनी एकाला चित्र दाखवायचे, त्याने ते दुसऱ्याला वर्णन करून सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे प्रयोग केले. पाच-सहा तोंडांतून गेल्यावर मूळ तपशिलांपैकी सुमारे सत्तर टक्के गळून पडले. जे उरले त्याला टोक आले, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे होते त्याच्याशी ते जुळवून घेतले गेले. आमच्या सभागृहात यातल्या दोन गोष्टी तंतोतंत घडल्या. ‘चहाचं’ गळाले. उरलेल्या दुधाला टोक आले, ते असे: तिसऱ्या रांगेत ‘दूध आटवायला ठेवलंय’, पाचव्या रांगेत ‘बासुंदी’, आणि खांबाच्या मागे जिथे व्यासपीठ दिसत नाही तिथे ‘सीताफळ बासुंदी’. महिना ऑक्टोबरचा असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. सासवडचे एक पत्रकार म्हणाले, सीताफळे आमच्याकडूनच आली असणार. बीडच्या प्राध्यापकांना हे सहन झाले नाही. त्यांनी बालाघाटच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन असल्याची आठवण करून दिली. दोघांमध्ये दबक्या आवाजात वाद जुंपला, आणि त्या वादात मुळात बासुंदी आहे की नाही हा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

इथे ऑलपोर्टपंथीयांशी आमचा मतभेद आहे. त्यांच्या मते वार्ता फिरता फिरता आखूड होते. आमची वाढली. यावर आमचे उत्तर असे, की त्यांचे प्रयोग पोटभर जेवलेल्या माणसांवर झाले असावेत. भुकेल्या माणसाच्या तोंडी बातमीवर साय धरते.

याच ग्रंथकारांचे एक सूत्र आहे. अफवेचा जोर म्हणजे विषयाचे महत्त्व गुणिले संदिग्धता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवाच शून्य. जेवणाचे महत्त्व पहाटे पाचच्या एसटीने निघालेल्या प्रतिनिधीला विचारावे. राहिली संदिग्धता. छापील कार्यक्रमपत्रिकेवर ‘१.०० ते २.०० भोजन (वेळेत बदल संभवतो)’ एवढाच मजकूर होता. त्याखाली ‘वरण, भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पोळी, पापड, गुलाबजाम’ अशी एक ओळ घातली असती तर गुणाकार तिथल्या तिथे कोसळला असता. पण पत्रिकेत आठ मान्यवरांची नावे पदव्यांसह बसवायची होती. संदिग्धतेला जागा उरली ती पदव्यांमुळे, असा आमचा निष्कर्ष आहे, आणि तो अन्य क्षेत्रांनाही लागू पडावा.

या संदर्भात एका भारतीय संशोधकाचे ऋण मान्य केले पाहिजे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या भागात जमीन हादरली पण फारसे काही पडले नाही, तिथले लोक आणखी भयंकर संकट येणार असल्याच्या वार्ता पसरवत होते. वीस-बावीस वर्षांनी लिऑन फेस्टिंजरने त्यावरून डोके चालवले: भीती आधीच बसली होती, तिला शोभेल असे कारण लोकांना हवे होते. आमच्या सभागृहात बीजभाषण एक तास लांबले होते. पोटात जे चालले होते त्याला शोभेल असे कारण बटाट्याच्या भाजीत मिळण्यासारखे नव्हते.

वर्गीकरणाकडे वळतो. क्लेअर वॉर्डल आणि होसैन देरख्शान यांनी २०१७ साली युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात दूषित माहितीचे तीन प्रकार केले: वाईट हेतू नसताना पसरलेले खोटे, जाणूनबुजून पसरवलेले खोटे, आणि खरेच पण कोणाचे तरी वाईट व्हावे म्हणून पसरवलेले. आमच्या एका परिषदेत दीड तासात तिन्ही सापडले. बासुंदी हा पहिला प्रकार. ‘जेवण पहिल्या मजल्यावर आहे’ हा दुसरा. तो एका अनुभवी वार्ताहराने तळमजल्यावरची रांग कमी व्हावी म्हणून सोडला होता आणि त्याने चाळीसएक लोक वर चढले. तिसरा सर्वांत घातक: ‘डिश कमी मागवल्यात.’ हे खरे होते. सांगणाऱ्याचा हेतू मात्र शेजारच्याला अस्वस्थ करण्यापलीकडे काही नव्हता, आणि शेजारचा अस्वस्थ झाला.

बाराच्या सत्रात पोलीस अधिकारी बोलले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. तीत दुचाकीवरचे दोघे मुलाला उचलतात, आणि लगेच परत आणून सोडतात, फलक दाखवतात. तो परत आणून सोडण्याचा भाग कापलेला होता. अधिकाऱ्यांनी हे कुठलाही अलंकार न वापरता सांगितले. प्रतिनिधींनी ‘शेवट कापलेला’ असे वहीत लिहून घेतले. हा प्रबंध जेवणाबद्दल आहे तो अशासाठी, की जेवणाच्या अफवेने कोणी मरत नाही आणि म्हणून ती जवळ जाऊन पाहता येते.

आता प्रमाणविचार. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत. सभागृहाने चारही वापरली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

प्रत्यक्ष: तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक उठून भोजनगृहाच्या दारापर्यंत गेले. पिवळ्या बिल्ल्याने त्यांना अडवले, “सर, अजून लागलं नाहीये.” प्रत्यक्ष तिथेच संपले. उपमान: गेल्या वर्षीच्या परिषदेत बासुंदी होती, ही परिषद त्या परिषदेसारखीच आहे, तस्मात्. अनुमान: वेलचीचा वास येत होता. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे उदाहरण शिकून सगळेच मोठे झाले आहेत, त्यामुळे जिथे वेलची तिथे बासुंदी हे जुळायला वेळ लागला नाही. वेलची चहात होती. जे साधन साध्याच्या घरीही आढळते आणि परक्याच्या घरीही, त्याला शास्त्रात सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. निवृत्त प्राध्यापकांनी तो बरोबर ओळखला, पण तोवर त्यांच्याही तोंडाला पाणी सुटले होते, आणि त्यांनी त्याची वाच्यता केली नाही.

राहिले शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. इथे खरा पेच आहे. विश्वासू कोण? केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियमात दुरुस्ती करून सरकारी कारभाराविषयीचा खोटा मजकूर ओळखण्याचे काम सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाकडे दिले होते. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, प्रकरण तिसऱ्यांकडे गेले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी दुरुस्तीच्या विरोधात कौल दिला. पिवळ्या बिल्ल्याच्या अधिकाराला मात्र कोणीही आव्हान दिले नाही. गंमत अशी, की बिल्लेवाल्या मुलाने दिवसभरात ‘बासुंदी’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

खंडनाचा इतिहास थोडक्यात असा. सव्वाबाराला परिषदेच्या व्हॉट्सॲप गटावर बासुंदीच्या वाटीचा फोटो आला. वर केशराच्या काड्या, बाजूला पितळी चमचा. मुंबईच्या मुलींपैकी एकीने तो उलट शोधात टाकला आणि अर्ध्या मिनिटात तो पाककृतीच्या एका संकेतस्थळावरचा, कित्येक वर्षांपूर्वीचा निघाला. तिने दुवा जोडून, नम्र भाषेत खुलासा टाकला. त्यावर दोन अंगठे आले. मग एका ज्येष्ठ संपादकांनी लिहिले, “फोटो जुना असेल, पण बासुंदी आहेच.” या एका वाक्यात आमच्या विषयाची सगळी शाखा मावते. पाठोपाठ आणखी एकाने, “असायला हरकत काय आहे?” आणि तिसऱ्याने हात जोडल्याचे चित्र.

वोसुघी, रॉय आणि अराल या तिघांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार वार्तांचा अभ्यास मांडला होता. खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त, आणि १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्याला सहापट वेळ. दोष यंत्रांचा नव्हे, माणसांचाच, असेही त्यांनी म्हटले. खोट्यात नवल असते म्हणून ते धावते. आमच्या निरीक्षणाशी हे जुळते. परिषदेत गुलाबजाम असणे यात नवल कसले? खुलासा खांबाच्या मागे पोचला तेव्हा तिथले लोक हात धुऊन आले होते.

शेवटी प्रश्नोत्तरांत कोणीतरी धीर करून विचारले, “सर, जेवणात बासुंदी आहे का?” हशा झाला. समन्वयक ध्वनिक्षेपकापाशी आले. त्यांना वस्तुस्थिती ठाऊक होती; समोर अडीचशे चेहरेही दिसत होते. ते म्हणाले, “गोड निश्चित आहे.” धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटले तेव्हा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. समन्वयकांच्या बाबतीत फक्त ध्वनिक्षेपकाचा दांडा सटकन खाली आला आणि पुढचे वाक्य कोणाला ऐकू गेले नाही. टाळ्या मात्र पडल्या.

एक चाळीसला जेवण लागले. वरण, भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पोळी, पापड आणि प्रत्येकी दोन गुलाबजाम, तेही वाढपी स्वतः मोजून घालत होता. आमच्या मते प्रबंधातला सर्वांत मौलिक भाग यापुढचा आहे. पदार्थ डोळ्यांसमोर मांडल्यावर वार्ता मरायला हवी होती. ती मेली नाही. “पहिल्या पंगतीने संपवली,” असे दुसऱ्या पंगतीने ठरवले. “पाहुण्यांसाठी आत वेगळी काढून ठेवली,” असे तिसरीने. हॉलिन जॉन्सन आणि कोलीन सीफर्ट यांनी १९९४ मध्ये लोकांना एका गोदामाच्या आगीची हकीकत वाचायला दिली होती. आधी सांगितले की कपाटात रंगाचे डबे आणि गॅसची सिलिंडरे होती. नंतर सांगितले की ते चुकीचे, कपाट रिकामे होते. दुरुस्ती लोकांच्या लक्षात राहिली, तरी आग एवढी भडकली का, असे विचारल्यावर ते रिकाम्या कपाटातल्या रंगाकडेच बोट दाखवत राहिले. त्यांना दुसरे कारण दिले तेव्हा रंगाचा मोह कमी झाला. म्हणून आम्ही स्वयंसेवकाला गाठून, पातेल्यात चहाचे दूध होते हे दुसरे कारण मिळवले आणि ते एका पंगतीत जाहीर केले. सासवडचे पत्रकार क्षणभर थांबले. मग म्हणाले, “चहा एवढा पातळ होता. मग ते दूध गेलं कुठे?”

भोजनोत्तर सत्राबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. त्यात अपप्रचारही जागा नव्हता. विषय लसीकरणाचा होता: खोट्याचे छोटे डोस आधीच देऊन मनाला सराव द्यायचा, ही विल्यम मॅकग्वायर यांची १९६० च्या दशकातली कल्पना, आणि केंब्रिजच्या लोकांनी २०१८ मध्ये त्यावरून काढलेला, खोट्या बातम्या बनवायला लावणारा खेळ. वक्त्याने तो सभागृहाकडून खेळवून घेतला. मुले रंगली. अलीकडच्या काही अभ्यासांत दिसले आहे, की अशा उपायांनी लोक खोट्यावर कमी विश्वास ठेवू लागतात हे खरे, पण त्या ओघात खऱ्यावरही कमी ठेवतात. वक्त्याने ही स्लाइड वेळेअभावी पुढे ढकलली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी तोच पिवळ्या बिल्ल्याचा मुलगा दारातून ओरडला, “स्टेशनला सोडणारी बस पाचला निघेल. पाचला म्हणजे पाचलाच.” सभागृह आता तयार झाले होते. बीडच्या प्राध्यापकांनी विचारले, याला दुसरा स्रोत काय. कोणी म्हणाले, पत्रिकेत साडेपाच छापले आहे. गटावर ज्येष्ठ संपादकांनी लिहिले, “पडताळणी न केलेली माहिती कृपया पुढे पाठवू नये.” त्याला एकशे अकरा अंगठे आले. द्वितीय वर्षाचे दोन वर्ग तेवढे, त्यांनी यातले काहीच ऐकले नसल्यामुळे, उठून गेले. व्यासपीठावर आभारप्रदर्शन चालू होते आणि ध्वनिक्षेपकाच्या दांड्याचे सुद्धा आभार मानले जात होते, तेव्हा बस फाटकाबाहेर पडली. थोड्या वेळाने प्रतिनिधी फाटकापर्यंत चालत आले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले, आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने स्टेशनचे जे भाडे सांगितले ते दुसरा स्रोत न मागता कबूल केले.